सरव्याचा कापूस अन् सुनेचं डोरलं

त्या दिवशी आंगनात आमी इतके जन होतो. मी. माहा पोरगा. माही सून. माही नात, ती तवा सातवीत होती. बाजूच्या घरातली माही चुलत जाऊ, ती काही काम नसून आलती. अन् गावोगाव काटा घेऊन फिरनारा कापूसवाला. माहा मालक असता तं तो बी बाजीवर बसून पाहत असता, पन त्याले जाऊन लय वर्सं झाले. नावं मी कोनाचेच सांगत नाई. गाव घाटंजीच्या अंगाचं आहे, एवढं पुरे.

पाडवा तोंडावर आलता. कोपऱ्यातल्या खोलीतून पोरानं कापसाचे पोते एकेक करून बाहेर आनले, अन् कापूसवाल्यानं काटा लावला. तो कापूस सरव्याचा होता.

सरवा काय असते ते ज्याले माईत नाई त्याले सांगते. शेतमालकाच्या वावरातली वेचनी सरली का झाडाले एखादं बोंड चुकलेलं राह्यते, खाली मातीत काही पडून राह्यते. मालकाले त्याची मजुरी परवडत नाई. मंग आमच्यासारख्या बाया जाऊन विचारते, "सरवा वेचू काय जी?" तो हाव म्हनते. सांजीपर्यंत जे वटीत जमते ते आपलं. पाला चिकटलेला, मातीनं पिवळा पडलेला, भाव कमी. पन आपला. त्याचा कोनी हप्ता कापत नाई, त्याची कोनी हाजरी लावत नाई. म्हनूनच तं घात झाला.

पोतं एकदा काट्याले लागलं, दुसरं लागलं, सारे लागले. कापूसवाल्यानं मोबाइलवर बेरीज केली अन् माह्याकडं पाह्यलं.

"बुढे, दीड क्विंटल म्हनत होती ना व?"

"हाव."

"हे तं पाऊन बी नाई भरून राह्यलं."

सून दाराशी उभी होती. तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. तिथं काळ्या मन्यायची खोटी पोत होती.

आता डोरल्याचं सांगते, नाई तं पुढचं समजाचं नाई.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी न्हानीत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. खाटेसगट उचलून मले गाडीत टाकलं अन् यवतमाळले नेलं. हाडात सळई टाका लागते म्हने, अन् पैसा पायजे होता, तो बी त्याच दिवशी. पोरगा फोनवर फोन लावून राह्यला. ज्याले लावे तो म्हने, पेरनी झाली बापा, हातात काही नाई. खोटं नव्हते बोलत. कोनाच्याच हातात नव्हतं.

दवाखान्याच्या ओसरीत मी खाटेवर पडून, अन् सून माह्या पायथ्याशी बसली होती. बसल्या बसल्या तिनं गळ्यातलं सोडलं अन् पदरात बांधलं. मी पाह्यलं.

मी म्हनली, "नको काढू व. म्हातारी आहो मी, लंगडत जाईन. मले कुठं नाचाचं आहे."

ती म्हने, "नाचाचं नाई, पन निंदाले तं याचं आहे ना. घरी बसून राह्यल्या तं तुमी दिवसभर माहं डोकं खासान."

अशी बोलली अन् उठून गेली. रडली बिडली नाई. मले बी रडू देल्लं नाई.

ते डोरलं तिच्या आईचं होतं. माही सून पोटात होती तवाच तिच्या आईनं नवं घडवलं होतं, दोन वाट्या अन् मधात मनी, जुनी घडन, जड. सून लहान असतानी आईच्या मांडीवर दूध पेता पेता एक वाटी तोंडात धरे. नवे दात आलते, जोरात चावलं एकदा. सोनं नरम, वाटीले खड्डा पडला. आईनं तो सोनाराकडून काढला नाई. पोरीच्या लग्नाच्या आंधीच आई गेली, कुंकवानिशी गेली. बापानं ते डोरलं ठेवलं अन् लग्नात पोरीच्या अंगावर घातलं. माह्या घरात आली तवा नवी नवरी होती, कामात गुंग झाली का अंगठ्यानं तो खड्डा चाचपत बसे. मी म्हनो, काय करतं व, झिजन ते. ती हासे.

घाटंजीच्या बाजारात एका म्हाताऱ्या सोनाराकडं ते गहान ठेवलं. मानूस चांगला होता. म्हने, "व्याज महिन्याच्या महिन्याले द्या, मुद्दल पाडव्याले द्या, घेऊन जा. मोडत नाई मी." आमच्याकडं सालदाराचं साल पाडव्याले सरते, साऱ्यायचा हिशेब पाडव्याले होते. आमाले वाटलं, लय दिवस आहेत.

मी काठी घेऊन घरात चालाले लागली तवा आमी चौघं चुलीपाशी बसलो अन् ठरवलं. पाडव्यापर्यंत नगद पैसा उडवाचा नाई. पोरगा जिनिंगात हमाली करे, सून कापूस वेचाले जाये. ज्याची मजुरी आली त्यानं ती एका डब्ब्यात टाकाची. डब्बा माह्या उशाशी. बाजारातून तेल, मीठ, मिरची, डाळ, बस. बाजारात सून एकटीच जाईन, पैसे मोजून नेईन. पोराले बाजारात जाऊ द्याचं नाई, तो गेला का काहीतरी घेऊनच येते. एकदा हातात सुतळीची पिसवी घेऊन गेला अन् पिंजऱ्यात पोपट घेऊन आला होता.

पोरगा म्हने, "अन् तू, माय? तू तं दारात बसून बाजार करतं."

नात हासली. मी म्हनली, "माह्या हातात पैसाच येनार नाई तं काय करन."

अन् खरंच, डब्ब्याले कोनी हात लावला नाई. दिवाळीले नवे कपडे नाई घेतले. नातीनं जुन्या फराकले लेस लावली अन् तेच घातलं. मुद्दलाचे बरेच पैसे डब्ब्यात जमले. राह्यलं तेवढं सरव्यात निघन असा अंदाज होता. संक्रांत झाली का मी काठी टेकत टेकत वावरात जाऊ लागली. वाकता येत नव्हतं, तं बसून सरकत सरकत खालचा वेचो, सून उभ्यानं वरचा वेचे. सळईच्या पायाले थंडी लय लागते. सांजी घरी आलो का कोपऱ्यातल्या खोलीत कापूस टाकाचा. ढीग वाढे. मले तो ढीग पाहून बरं वाटे. रोज मनातल्या मनात म्हनो, हा इतका झाला, आता इतका राह्यला.

पन कापसाच्या दिवसात आमच्याकडं काय होते, फटफटीवर फिरनारे येते. मागं जाळी बांधलेली, जाळीत भांडे, चादरी, बांगड्या, टोपले. भोंग्यावर एकच लावलेलं असते, कापूस द्या अन् घेऊन जा, कापूस द्या अन् घेऊन जा. पैसा मागत नाई. कापसावर देते.

पहिल्या डाव आला तवा मी एकटी घरी होती. त्यानं एक गंज काढला, स्टीलचा, बुडाले तांब्याचा. उन्हात धरला.

"मावशी, पाह्य बरं. हातात तं घे."

"नको बापा. पैसे नाईत."

"पैसा कोन मागते? मी मागतला काय? घरात कापूस दिसून राह्यला. दे ना ओंजळभर."

"ओंजळभरात देतं काय?"

"तुही ओंजळ का माही ओंजळ?"

मले हासू आलं. आमचा भाताचा गंज बुडाले पातळ झालता, भात लागे. मी इचार केला, सरवा तं आहे. डब्ब्यातला पैसा थोडीच आहे. ओंजळ नाई, टोपलंभर गेला. पुन्हा अर्धं टोपलं मागतलं त्यानं, तं ते बी देल्लं.

सांजी सुनेनं चुलीवर नवा गंज पाह्यला.

"हा कुठला व आत्याबाई?"

"कापसावर घेतला."

"पैसे तं नाई गेले?"

"नाई."

"मंग बरं."

ती म्हनली मंग बरं, अन् मले बी बरं वाटलं. हेच ते. इथूनच सुरू झालं. त्या दिवशी ती म्हनली असती का काहून घेतला, तं मी भांडली असती, पन दुसरं काही घेतलं नसतं.

आठ दिवसानं तिच्या हातात हिरव्या बांगड्या दिसल्या. मी पाह्यलं तं तीच म्हने, "कापसावर." मी म्हनली, "मंग बरं." थंडी लय पडली, तं एक चादर घेतली, ती बी कापसावर. नात शाळेतून येतानी रोज कुल्फीवाल्याची घंटी वाजे, मूठभर कापसात कुल्फी. मूठ लहान तिची, मी काही बोलली नाई. पोरगा पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाये, पैसे बंद झाल्यापासून सुटला होता. मंग पानठेलेवाला म्हने कापूस बी चालते. पोरगा घरातून निंगतानी खिशात कोंबून नेये. शर्टाच्या खिशाले रेसे चिकटलेले राहत, मी धुतानी झटकून काढो.

कोनी चोरून काही नाई घेतलं. साऱ्यायच्या समोर घेतलं. तेच इचित्र आहे. डब्बा चौघांनी मिळून राखला, अन् ढीग चौघांनी मिळून खाल्ला. आमच्या मनानं पैसा म्हंजे नोट. कापूस विकल्यावर त्याचा पैसा होते, तवर तो कापूसच.

आता आंगनात परत येते. कापूसवाल्यानं सांगतलं तवा पोरगा काट्यावर चिडला.

"तुहा काटा मारते."

"मारते तं तू बस काट्यावर."

पोरानं घरातून रेशनच्या तांदळाचं कट्टं आनलं, शिवन न उसवलेलं, वजन छापलेलं. लटकवलं. काटा बरोबर होता. पोरानं कट्टं खाली ठेवलं अन् बाजूले जाऊन उभा राह्यला.

कापूसवाला म्हने, "घरात उंदरं झाले काय व बुढे?"

माही जाऊ वट्ट्यावर बसून सुपारी कातरत होती. ती म्हने, "झाले ना. दोन पायाचे." मंग हात लांब करून दाखवाले लागली. "कापूस कुठी गेला म्हनून त्या काट्याले कायले बोल लावता? इथंच तं आहे सारा. तो पाहा चुलीवर, भात शिजून राह्यला त्याच्यात. तो पाहा दोरीवर वाळत टाकला, फुलायच्या चादरीचा. तो सुनेच्या हातात किनकिन वाजून राह्यला. पोट्टीचा कापूस पोटात गेला. अन् ह्या तुह्या पोराचा, बाई, तो भिंतीवर थुकून ठेवला."

आमी साऱ्यायनं भिंतीकडं पाह्यलं. लाल होती. नात हासली. कापूसवाला बी हासला. पोरगा बी हासला, मान खाली घालून. सून नाई हासली. तिनं हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या अन् वट्ट्यावर ठेवल्या. कायले काढल्या ते तिले बी माईत नसन. त्याचा परत कापूस थोडी होते.

जावेनं सुपारीचं एक खांड माह्या हातावर ठेवलं अन् घरी गेली.

कापसाचे जे आले ते अन् डब्ब्यातले पैसे घेऊन सून अन् मी सोनाराकडं गेलो. म्हातारा दुकानात एकटा बसला होता. सुनेनं पैसे पुढं केले, म्हनली इतके कमी आहेत. त्यानं न मोजताच परत सरकवले. म्हने, "अर्धी वाटी देऊन पाठवता येत नाई, बाई, डोरलं आहे."

मी म्हनली, "थांबा ना जी थोडं."

त्यानं इचार केला. "पोळ्यापर्यंत थांबतो. पन पोळ्याच्या पुढं नाई. माही बी तब्येत अशी आहे."

"काही लिहून देता?"

"मी सांगून राह्यलो ना."

चांगला मानूस होता. आमी लिहून मागतलं नाई पुन्हा.

घरी आलो अन् आता खरं राखाले लागलो. घरात एक शब्द बंद केला, कापसावर. तुरीवर बी नाई, ज्वारीवर बी नाई, जुन्या लुगड्यावर बी नाई. जे देल्लं का दुसऱ्याकडून काही येते ते सारं पैसाच, असं धराचं. उन्हाळ्यात वावरात काही नसते, तं सून रोजगार हमीच्या तळ्यावर गेली. पोरानं खर्रा सोडला. सोडला म्हनते, पन पह्यले पंधरा दिवस असा चिडचिड करे का मलेच वाटे, दे बापा एक आनून त्याले. नाई आनला.

फटफटीवाला दारात आला का सून उंबऱ्यावर बसे अन् सांगे, "घरी कोनी नाई."

तो म्हने, "मंग तू कोन आहे व?"

"मी कोनीच नाई. जा."

माह्यानं असं होत नव्हतं. मले वस्तू दिसली का हात खाजवते, खोटं कायले बोलू. म्हनून मी दुसरं केलं. एखादी वस्तू पसंत आली का फटफटीवाल्याले म्हनो, थांब, मी मारुतीले जाऊन येते, मंग सांगते. मारुती गावाच्या टोकाले. सळईच्या पायानं मी तिथवर जाऊन येईपर्यंत तो पुढच्या गावाले पोचलेला राहे. अन् मले बी येता येता वाटे, कायले पायजे होतं ते. एक डाव प्लास्टिकचं टोपलं होतं, निळं, झाकनाचं. तेवढं मात्र अजून डोक्यात आहे. पन घेतलं नाई.

हे सारं चांगलं झालं. एक गोष्ट लागते मनाले. त्या उन्हाळ्यात नातीच्या वर्गाचा फोटो निघाला. ज्याले पायजे त्यानं पैसे भराचे होते. तिनं विचारलं. मी म्हनली, पोळ्यानंतर पाहू. ती हाव म्हनली. पुन्हा कधी विचारलंच नाई. फोटोचंच नाई, कशाचंच नाई. कुल्फीची घंटी वाजली तरी वर पाहत नसे. मले वाटे पोर समजदार झाली, जावेले बी सांगतलं मी कवतिकानं. आता वाटते, त्या वयाच्या पोरीनं मागाले पायजे. आता ती मोठी झाली, विचारलं काय पायजे तं म्हनते काही नाई आजी. तो फोटो इतका महाग नव्हता.

पेरनी झाली, निंदन लागलं. मी बसून निंदो, एका ओळीले दुसऱ्या बायायच्या दोन ओळी होत, तं मालक अर्धीच मजुरी देये. चालन. पोळ्याच्या आंधीच्या बाजारी पैसे पुरे झाले. व्याजासगट. सुनेनं डब्बा उपडा करून मोजले अन् मले म्हने, "तुमी बी चला. तुमच्या पायासाठी ठेवलं होतं, तुमीच आना."

काळीपिवळीत बसून गेलो. बाजारात पोळ्याची गर्दी, बैलायच्या झुली, घुंगरं, माटोट्या, सारं टांगलेलं. सून कुठंच पाहत नव्हती. सरळ दुकान.

दुकानात म्हाताऱ्याचा फोटो होता, हार घातलेला. गल्ल्यावर त्याचा पोरगा.

सुनेनं गहानाची चिट्ठी देल्ली. त्यानं पाह्यली, उलटवून पाह्यली.

"ताई, हिची मुदत पाडव्याची आहे."

"बाबा म्हनलते पोळ्यापर्यंत थांबतो."

"म्हनले असतीन. मले सांगतलं नाई. ते आखाडात गेले. मी मंग मुदत सरलेलं सारं काढलं, दुकानावर देनं होतं."

मी म्हनली, "मोडलं काय?"

"नाई, आजी. आख्खंच गेलं. मुकुटबनाकडची एक बाई आलती, पोरीचं लग्न जमलं होतं तिच्या. म्हने मले जुन्या घडनीचंच पायजे."

सुनेनं विचारलं, "एका वाटीले खड्डा होता. दाताचा. तिनं पाह्यला काय?"

"पाह्यला ना. मी म्हनलो ठोकून सपाट करून देतो. ती म्हने, राहू द्या."

त्या पोरानं आमच्यासंग वाईट केलं नाई. मुद्दल, व्याज कापून वरचे पैसे निघत होते, ते त्यानं आपल्या मनानं काढून सुनेच्या हातात देल्ले. बाईचं नाव विचारलं तं त्याले माईत नव्हतं, नगद घेऊन गेली होती. त्यानं हात जोडले. मी काय बोलू त्याले. आमीच पाडव्याले गेलो नाई पुरे पैसे घेऊन. म्हाताऱ्यानं जे थांबन म्हनलं ते त्याच्या जिवावर म्हनलं, अन् जीवच राह्यला नाई.

दुकानाच्या पायरीवर सून बसली. मी तिच्या बाजूले बसली, काठी आडवी ठेवून. येनारे जानारे पाय पाहत होतो. मी म्हनली, "पोरी, त्या गंजापासून झालं हे."

ती म्हने, "गंजापासून कायले. साऱ्यायनं खाल्लं. तुमीच एकट्या तोंड पाडून बसू नका." मंग म्हने, "तिची पोरगी नांदाले जाईन आता. पुढं तिले पोर होईन. ते बी चावन."

एवढंच बोलली. उठली, पदर झटकला. समोर जिलबीवाला होता. ती गेली अन् नगद पैसे देऊन पाव किलो जिलबी घेऊन आली. मी म्हनली, "काहून व? आज कशाची?"

"आता कशासाठी राखाचं आहे? घ्या, खा. गरम आहे."

काळीपिवळी भरेपर्यंत आमी उभ्याउभ्यानं जिलबी खाल्ली. नातीसाठी चार वेगळ्या बांधल्या. गोड होती. ते गोड लागलं याचंच मले अजून वाईट वाटते. पाडव्यापासून कोनी काही गोड खाल्लं नव्हतं, अन् खाल्लं ते कवा खाल्लं.

पोरगा म्हने नवं घडवू. पैसे तं हातात होते. सून नाई म्हनली. ते पैसे तिनं नातीच्या नावानं पोस्टात टाकले. गळ्यात अजून तीच खोटी पोत आहे. कामात गुंग झाली का अंगठा तिथं जाते, चाचपते, काही लागत नाई, मंग हात खाली येते. मी पाहत नाई तिकडं. पोरगा एक डाव लग्नसराईत मुकुटबनले जाऊन आला, दोनचार घरी विचारून पाह्यलं. नाव माईत नाई, गाव बी नक्की माईत नाई, विचारनार तरी काय. लोकं हासले असतीन.

गंज चांगला निंगाला. बूड जाड आहे, भात लागत नाई. रोज त्याच्यातच शिजते. एखादं भांडं फुटते, गळते, चोरी जाते. हा काही जात नाई.

आता जे कोनी हे वाचून राह्यलं त्याले एक मागते. तुमच्या घरात, नाई तं तुमच्या सुनेच्या, लेकीच्या गळ्यात जुन्या घडनीचं डोरलं असन, अन् त्यातल्या एका वाटीले लहान दाताचा खड्डा असन, तं आमाले ते परत नको. तुमी पैसे देऊन घेतलं, तुमचंच आहे. फक्त मोडू नका. अन् तो खड्डा कोनाले ठोकून सपाट करू देऊ नका.